राष्ट्रीयत्वाचा रकाना : लातूरच्या एका मुलीचं प्रकरण

या लेखातली नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिलेलं आधी त्या कुटुंबानं वाचलं, मगच बाहेर दिलं. मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे आणि मुलांच्या समुपदेशनाचं कामही माझ्याकडे होतं. सई माझ्याकडे आली ती त्यामुळे.

सेतू केंद्रावर

जुलै 2023. दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश चालू होते. पुढे लागेल म्हणून सईचे वडील तिचा वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला काढायला सेतू केंद्रावर गेले. काउंटरवरच्या मुलानं जन्माचा दाखला बघितला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"साहेब, हे कुठलं?"

"न्यू जर्सी."

"मग राष्ट्रीयत्वात काय टाकू?"

वडिलांनी आधार कार्ड पुढे केलं. त्या मुलाला कामाची माहिती होती. आधार म्हणजे रहिवासाचा पुरावा, नागरिकत्वाचा नाही, हे त्यानं एका वाक्यात सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सई तिथंच वडिलांच्या मागे उभी होती. सोळा वर्षांची. नंतर ती मला म्हणाली की तोपर्यंत आपण इथले आहोत की नाही हा प्रश्न तिला मुलं विचारायची, कागद विचारत नव्हते.

पार्श्वभूमी

वडील औसा तालुक्यातले, आई अंबाजोगाईची. वडील पुण्यात इंजिनिअर झाले, 2004 साली एच-1बी या नोकरीसाठीच्या मुदतीच्या व्हिसावर अमेरिकेला गेले. सईचा जन्म मार्च 2007 चा. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीमुळे ती जन्मतःच तिथली नागरिक झाली. आईवडील मात्र भारतीयच राहिले. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर किती वर्षांनी लागतो हे ज्यांच्या घरचं कोणी तिकडे आहे त्यांना सांगायला नको. म्हणजे एकाच घरात तीन माणसं आणि दोन देश. जिला ते घर सोडून कुठलंच घर माहीत नव्हतं ती पक्की, आणि ज्यांनी ते घर उभं केलं ते मुदतीवर.

एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत आजी गेली. औशाजवळच्या पुनर्वसित गावात आबा एकटे उरले. 1993 च्या भूकंपानंतर बांधून मिळालेलं ते घर सोडायला ते तयार नव्हते. जुलैमध्ये हे तिघं आले. लातूरला फ्लॅट घेतला आणि आबांना कसंबसं तिथं आणलं.

शहरातल्या वरच्या वर्गांच्या शाळा त्या वर्षी 4 ऑक्टोबरला उघडल्या. त्याआधीचे तीन महिने नववीचा वर्ग सईनं मोबाइलच्या पडद्यावर केला. प्रत्यक्ष शाळेत गेली तेव्हा पहिली गंमत झाली तिच्या मराठीची. ती मराठी शिकली होती आजीकडून, रोज रात्री फोनवर. त्यामुळे ती "काय करूलालीस?", "मी येऊलाले" असं अस्सल औशाकडचं बोलायची आणि तेही अमेरिकन उच्चारात. शहरातल्या पोरींनी ही बोली घरी सोडून शाळेत पुस्तकी मराठी बोलायची सवय लावून घेतलेली. त्या हसल्या. अमेरिकेहून आलेली मुलगी आपल्या आजीसारखं बोलते हे त्यांना पचेना. सईनं पंधरा दिवसांत ती बोली टाकून दिली. आबांशी बोलतानासुद्धा. मला विचाराल तर या प्रकरणातलं पहिलं नुकसान हेच होतं, आणि त्याची नोंद कुणीच घेतली नाही.

दुसरी गोष्ट प्रार्थनेच्या वेळची. न्यू जर्सीच्या शाळेत रोज सकाळी छातीवर हात ठेवून तिथल्या झेंड्याला निष्ठा वाहायची प्रतिज्ञा असे. इथं हात पुढे करून "भारत माझा देश आहे". पहिले काही दिवस तिचा हात छातीकडे जायचा. मुलांनी तिचं नाव 'अमेरिका' ठेवलं. "ए अमेरिका, डबा काय आणलास?" यात दुष्टपणा नव्हता, पण दोन वर्षं रोज ऐकलं की नाव चिकटतं.

अडचण नेमकी कुठली

सईला डॉक्टर व्हायचं होतं. लातुरात राहून हे सांगायला फार धाडस लागत नाही. इथला ट्यूशन एरिया त्याच स्वप्नावर चालतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या, बाकीच्या राज्याच्या. या दोन्ही वाटा भारतीय नागरिकांसाठी.

कुटुंबाची समजूत अशी की सईकडे ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'चं कार्ड आहे, त्यावर 'सिटिझन' लिहिलंय, मग झालं. या शब्दानं किती घरांना चकवलंय कोण जाणे. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय म्हणजे व्यवहारात आयुष्यभराचा व्हिसा आणि वर काही सवलती. मतदान नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मात्र येऊ शकते. आबांची सात एकर सईला मिळू शकते, शेजारची एक गुंठा तिला घेता येणार नाही. केंद्र सरकारनं 4 मार्च 2021 ला अधिसूचना काढून आणखी स्पष्ट केलं : ओसीआयधारक हा परदेशी नागरिक आहे, तो 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊ शकतो, पण प्रवेश एनआरआय (अनिवासी भारतीय) किंवा अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येवरच्या जादा जागांवरच. निव्वळ भारतीयांसाठी राखलेल्या जागेवर नाही.

इथं माझी पहिली चूक. वडील भेटायला आले तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "घाबरू नका, सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय." निकाल खरंच आला होता. 3 फेब्रुवारी 2023 ला न्यायालयानं सांगितलं की ही अधिसूचना मागच्या काळाला लागू होणार नाही, आधी कार्ड मिळालेल्यांचे जुने हक्क कायम राहतील. वडिलांच्या चेहऱ्यावर आठवड्यानं पहिल्यांदा रंग आला. घरी फोन करून त्यांनी सगळ्यांना सांगितलंही. मग मी कार्ड मागितलं. तारीख होती जून 2021.

तीन महिने. आधी ते दोनदाच भारतात आले होते, दोन्ही वेळा सईसाठी साधा व्हिसा काढला होता. अमेरिकेत परतताना आईवडिलांना पुन्हा व्हिसाचा शिक्का मिळेल ना, या भीतीनं येणंजाणंच कमी, मग कार्डाची घाई कशाला, असा तेव्हाचा हिशेब. कार्ड आधी बघायचं आणि मग तोंड उघडायचं, हे मी त्या दिवशी शिकले. त्या घरानं त्याची किंमत मोजली.

आणखी मागे गेलं तर एक दार 2007 सालीच होतं. परदेशात जन्मलेल्या भारतीयांच्या मुलाची एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करता येते, पण त्यासाठी त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. सईच्या आईवडिलांना हे माहीतच नव्हतं. माहीत असतं तर केलं असतं का? आई प्रामाणिकपणे म्हणाली, "नसतं केलं. तेव्हा सगळे अमेरिकन पासपोर्टासाठीच धडपडत होते."

समोर असलेले पर्याय

खासगी महाविद्यालयातली एनआरआय जागा हा सरळ पर्याय होता. तिथं 15 टक्क्यांपर्यंत जागा त्यासाठी असतात. फी ऐकून वडील हसले. परत आल्यावर त्यांचा पगार रुपयांत होता, आणि बचत फ्लॅटमध्ये गेली होती.

दुसरा, भारतीय नागरिकत्व. आईवडील भारतीय असल्यानं अल्पवयीन मुलीची नोंदणी 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली मागता येते. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत राज्याकडे आणि तिथून केंद्रीय गृह मंत्रालयात जातो. मंजूर झाला की परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं. खरी गाठ इथं होती. अमेरिकन नागरिकत्व आईबाप मुलाच्या वतीनं सोडू शकत नाहीत. मुलानं स्वतः, अमेरिकेबाहेर, त्यांच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर उभं राहून सांगावं लागतं, आणि वय अठराच्या आत असेल तर हे दडपणाखाली नाही ना, पोराला याचा अर्थ कळतोय ना, हे तो अधिकारी खोदून विचारतो. अधिवासाचा प्रश्न याच्या पुढचा. महाराष्ट्रात त्यासाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांचं वास्तव्य बघतात.

तिसरा, अमेरिकेत मामाकडे परत पाठवणं. तिकडे वैद्यकीय शिक्षणाआधी चार वर्षांची पदवी लागते. शिवाय सरकारी विद्यापीठाची कमी फी मिळायला न्यू जर्सीतही साधारण वर्षभराचं वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे जिथली ती नागरिक, तिथंही ती लगेच 'तिथली' ठरत नव्हती.

चौथा पर्याय कुणी मागितला नव्हता, तो चालत आला. एका एजंटानं सांगितलं, जन्म गावातच झाल्याची उशिरा नोंद दाखवून दाखला काढून देतो, मग पासपोर्टसुद्धा निघेल. वडिलांनी दोन दिवस त्याचा नंबर ठेवला. हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, म्हणून इथं लिहिते. तिसऱ्या दिवशी आबांनी तो कागद खिशातून काढून फाडला. भूकंपात आबांचे स्वतःचे सगळे दाखले मातीखाली गेले होते आणि एकेक परत मिळवायला त्यांना वर्षं लागली होती. "खरे कागद मिळवायला माझा जलम गेला, अन् तुमी खोटे घेऊलालाव?" एवढंच बोलले.

आबांची गोष्ट

इथं थोडं थांबते, कारण पुढचा निर्णय आबांच्या गोष्टीमुळे वळला.

मी घरी गेले होते ती तिसरी बैठक. वडील अर्ज उद्याच करू म्हणत होते. आई म्हणत होती, एक दार उघडं राहू द्या, एकदा बंद केलं की ते उघडत नाही. मी मधे बसून कायदा समजावत होते. आबा कोपऱ्यात सुपारी कातरत होते. मधेच म्हणाले, "बाई, पोरीला कुणी इचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तीन बैठका झाल्या होत्या.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, सईकडे बघून. त्यांचे वडील मूळचे बार्शीचे. बार्शी तेव्हा इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि लातूर-औसा निजामाच्या राज्यात. 1911 पासून बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत धावत होती. त्या लहान गाडीत बसून ते कापसाच्या पेढीवर मुनीम म्हणून आले आणि इथलेच झाले. पण कागदावर नाही. 1919 च्या फर्मानानं हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरी मुलकींसाठी, म्हणजे संस्थानातल्याच रहिवाशांसाठी होती, आणि बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागायचं. भाषा तीच, देव तेच, आठवड्याचा बाजार तोच, आणि माणूस गैरमुलकी. आबा 1940 चे. "मला पोरं बार्शीवाला म्हणायची. मी बार्शी बघितलीबी नव्हती." शाळा उर्दूतून झाली. बाजारात हाली सिक्का, म्हणजे निजामाचं स्वतःचं चलन चालायचं. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यानंतर 1956 ला मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. "मी हितंच होतो. कागदंच बदलत गेले."

सईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "मग आबा, तुम्हाला बार्शीवाला म्हणायचे तेव्हा राग यायचा?"

"यायचा की. मग एक दिवस दुसरंच पोरगं आलं, बिदरकडून. त्याला बिदरवाला म्हणायला लागले. मी बी म्हणायला लागलो."

ती खूप हसली. आणि मग बोलायला लागली, मराठीत, थोडी इंग्रजीत, आणि कितीतरी महिन्यांनी त्या आजीच्या बोलीत. प्रतिज्ञा म्हणताना तिला खोटं बोलतोय असं वाटायचं. भारत माझा देश आहे, हे खरं वाटायचं. मग खिशातला पासपोर्ट आठवायचा. न्यू जर्सीत तिला 'खरी कुठली' विचारायचे तेव्हा ती अभिमानानं लातूर सांगायची, आणि लातुरात आल्यावर अमेरिका झाली. मी तिला सांगितलं की ही प्रतिज्ञा मुळात मराठीत लिहिलेलीच नाही. 1962 मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती तेलुगूत लिहिली, आणि ते नलगोंड्याचे, म्हणजे आबांसारखेच निजामाच्या राज्यात जन्मलेले. तिला हे फार आवडलं. आबांनी नुसती मान डोलावली, जणू त्यांना ठाऊकच होतं.

शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मला भारताची नागरिक व्हायचंय बहुतेक. पण सीटसाठी झाले तर मला आयुष्यभर वाटेल की सीटसाठी झाले. आणि सीट नाही मिळाली तर?"

या "तर"ला आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

काय केलं

त्या रात्री ठरलं ते इतकंच : अठरा पूर्ण होईपर्यंत कुठल्याही देशाचा कागद सोडायचा नाही आणि खोटा कागद करायचा नाही. वडिलांना हे पटलं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन त्यांनी अर्जाची सगळी माहिती आणली, यादी केली, कागदपत्रांची फाइल लावली. फाइल तयार ठेवणं हा त्यांचा धीर होता, मी त्यात पडले नाही.

सईनं बारावी आणि नीट दोन्हीची तयारी चालू ठेवली. नीटच्या अर्जात तिनं राष्ट्रीयत्व ओसीआय असंच भरलं. ट्यूशनमधल्या एका शिक्षकानं "इंडियन टाक, कोण बघतंय" असा सल्ला दिला होता. तिनं तो ऐकला नाही.

महाविद्यालयात मी एक छोटी गोष्ट केली. सप्टेंबरमध्ये मुक्तिसंग्राम दिनाला मुलांना नेहमीच्या भाषणांऐवजी घरच्या म्हाताऱ्यांना एकच प्रश्न विचारून यायला सांगितलं : आपण या गावात कधी आणि कुठून आलो? तेलंगणातून आलेले, कर्नाटकातून आलेले, सोलापूरकडचे, राजस्थानातून व्यापाराला आलेले, भूकंपानंतर गाव बदललेले. वर्गात 'मूळचे' असे फार थोडे निघाले. सईनं बार्शीची गोष्ट सांगितली. 'अमेरिका' हे नाव लगेच गेलं नाही, पण एका मुलानं पुढे तिला 'बार्शी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकलं.

निष्पत्ती

मार्च 2025 मध्ये ती अठरा वर्षांची झाली. 4 मे रोजी नीट दिली. गुण बरे पडले. भारतीय असती तर सरकारी जागा मिळाली असती का, यावर तिच्या घरी अजूनही वाद होतो. तो वाद सुटणारा नाही. एनआरआय जागा घेतली नाही. मामाकडेही गेली नाही. लातुरातच बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं.

याला यश म्हणायचं का, मला माहीत नाही. डॉक्टर व्हायची वाट बहुधा बंद झाली. वडील मला काही बोलत नाहीत, पण फेब्रुवारीच्या निकालाचा विषय निघाला की त्यांची नजर खाली जाते. आई मात्र म्हणते की मुलगी आता आबांशी पुन्हा जुन्या बोलीत बोलते, आणि जेवताना दोघांचं काहीतरी खुसुखुसू चालू असतं.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या बाजूनं तीन गोष्टी. पहिली सांगून झाली, कार्डाची तारीख. ओसीआय मूल समोर आलं की आधी कार्ड बघावं, ते 4 मार्च 2021 च्या आधीचं की नंतरचं यावरून सगळी चर्चा बदलते. दुसरी, हे काम अकरावीत नाही, नववीत व्हायला हवं होतं. सई शाळेत आली त्या दिवशी कुणीतरी तिच्या आईवडिलांशी अर्धा तास बोलायला हवं होतं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती, हातात चार वर्षं होती, आणि विचार सावकाश करता आला असता. परत आलेल्या कुटुंबांची मुलं आता मराठवाड्यात विरळा राहिलेली नाहीत, पण प्रवेश अर्जावरचा राष्ट्रीयत्वाचा रकाना शाळेत कुणी वाचत नाही, नुसता भरतात.

तिसरी जास्त अवघड. मी या प्रकरणाकडे प्रवेशाचा प्रश्न म्हणून बघितलं, कारण मला तेच येतं. एकदा तसं बघितलं की मुलगी ही अर्जदार होते आणि बोलणं तिच्या बापाशी सुरू होतं. सुपारी कातरणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं नसतं तर मी चौथी बैठकही तशीच घेतली असती.

आईवडिलांनी काय वेगळं करायला हवं होतं, यावर माझं मत डळमळीत आहे. 2010 च्या सुमारास कार्ड काढलं असतं तर आज सई कदाचित अंबाजोगाईला किंवा लातूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात असती. पण तेव्हा अकरा वर्षांनंतरच्या अधिसूचनेचा अंदाज कुणाला होता? मला दोष द्यायचाच तर तो बोली हरवताना कुणाच्या लक्षात आलं नाही याला देईन, आणि त्यात मीही आलेच.

जून 2026 मध्ये सईच्या कार्डाला पाच वर्षं होतात. पाच वर्षं ओसीआय म्हणून नोंद आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असेल तर सज्ञान माणसाला स्वतःच्या नावानं नागरिकत्व मागता येतं. या वेळी सही तिची एकटीची असेल, आणि अमेरिकन वकिलातीत उभं राहायचं तर तेही तिलाच. वडिलांची फाइल कपाटात आहे. मागच्या आठवड्यात ती मला भेटली, प्रयोगशाळेत केलेल्या कसल्याशा कल्चरबद्दल भरभरून बोलली, आबांचा मोतीबिंदू पिकलाय म्हणाली. अर्जाचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.